वैद्य सरांचे भोक पाडलेले ड्रम

वैद्य सर आज सकाळी गेले.

कंपनीत त्यांच्यावर सगळ्यात जास्त मीच चिडायचे. आज खोटं कशाला लिहू.

शेंद्र्याच्या एमआयडीसीत आमची शाईची कंपनी. सर क्वालिटीचे हेड, मी स्टोअरला.

शाईत एक रसायन लागतं. नाव लिहीत नाही, सरांना आवडलं नसतं.
दिसायला साधं. पण चुकीच्या माणसाच्या हाती लागलं तर त्यापासून युद्धातला विषारी वायू करता येतो. म्हणून जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी सह्या केलेल्या करारात त्याचं नाव आहे. किती आलं, किती वापरलं, ते दरवर्षी दिल्लीला कळवायचं. आणि परदेशातले तपासणीवाले कधीही येऊ शकतात.

हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली. मनात म्हटलं, शाईच्या कंपनीत कसलं आलंय युद्ध.

सरांची एक पद्धत होती. त्या रसायनाचा ड्रम रिकामा झाला की धुऊन घ्यायचा आणि स्वतः ड्रिल घेऊन बुडाला भोक पाडायचं, म्हणजे त्यात पुन्हा काही भरता येणार नाही. मग नंबर टाकून मागच्या शेडमध्ये उभा करायचा. जितके ड्रम आले तितके भोकाचे ड्रम शेडमध्ये दिसले पाहिजेत.

आता आपल्या गावात निळ्या ड्रमची काय किंमत आहे ते तुम्हाला माहितीय. नळाला आठवड्यानं पाणी. बाकीचे ड्रम रिकामे व्हायच्या आधीच लोकांचे नंबर लागलेले असायचे.
आणि हा माणूस चांगल्या ड्रमला भोक पाडणार. लोक लई शिव्या द्यायचे. मीही दिल्यात.

बारा वर्षांपूर्वी आई गावाकडची शेती भावाकडं सोडून माझ्याकडं गारखेड्याला आली. पाणी पुरेना. त्याच आठवड्यात सर रजेवर होते आणि एक ड्रम रिकामा झाला.
मी तीनदा धुतला. रजिस्टरला 'भोक पाडले' लिहिलं. आणि टेम्पोवाल्याला सांगून घरी नेला.

चार महिन्यांनी तपासणीवाले आले. तिघं परदेशी, सोबत दिल्लीचे एक साहेब.
शेडमधले ड्रम मोजले. एक कमी.

सर माझ्याजवळ आले. आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, कुठंय?"
"गच्चीवर. पाणी भरलंय त्यात."

आमचा मॅनेजर पुढं आला. "वैद्य, दुसरा निळा ड्रम घ्या, भोक पाडा, उभा करा. कुणाला कळतंय?"
खरंच कुणाला कळलं नसतं. मला तर वाटत होतं, देवा, सरांनी ऐकावं. घरात कमावणारी मी एकटी होते.

सर सरळ तपासणीवाल्यांकडं गेले. म्हणाले, ड्रम आमच्या एका बाईंच्या घरी आहे, रजिस्टरमधली नोंद चुकीची आहे, तुम्ही सोबत चला.

मग काय, त्यातली एक बाई आमच्या गल्लीत. उंच, गोरी, पन्नाशीची. तीन जिने चढून गच्चीवर आली.

आईनं आधी चहा ठेवला. मग ड्रम रिकामा करायचा म्हटल्यावर आडवी उभी राहिली.
"नाय. आठ दिवसांनी आलंय पाणी. ह्यानंच आंघोळ करतो आम्ही, काय झालंय का आम्हाला?"
"मावशी, तुम्हाला काही होणार नाही," सर म्हणाले. "पण हा ड्रम जागेवर नसला तर त्यातलं औषध कुठं गेलं, हे मी यांना सांगू शकत नाही."
आईला काही ते पटेना.

मग ती बाई बोलली आणि सर मराठीत सांगत गेले. तिच्या गावाकडं शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईतले विषारी गोळे अजून शेतात निघतात. नांगरताना. तिच्या चुलत्याच्या हाताला असाच एक फुटका गोळा लागला होता. कातडी जळाली, ती पुन्हा नीट आलीच नाही.

आईनं विचारलं, "नांगराला लागतंय?"
"व्हय मावशी," सर म्हणाले.

आई त्या बाईकडं बघत राहिली. आईच्या नांगराला जन्मभर दगडच लागले होते.
मग तिनं बादली आणली आणि पहिली बादली तिनंच उपसली.

सरांनी पाणी गटारात सोडू दिलं नाही. कॅन भरून कंपनीत नेलं, तिथं सांडपाण्याच्या टाकीत टाकलं. ड्रम त्या बाईसमोर शेडमध्ये आला. सरांनी भोक पाडलं.

तपासणी पार पडली. पण मॅनेजरनं सरांना धारेवर धरलं. लेखी मागितलं.
सरांनी लिहून दिलं, पद्धत माझी, लक्ष ठेवायचं काम माझं, चूक माझी.
मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

माझी नोकरी राहिली. सर त्याच पोस्टवर रिटायर झाले.

तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रिल माझ्या टेबलावर ठेवलं होतं. "आजपासून भोक तुम्ही पाडायचं." बस, एवढंच. आणि त्या रविवारी माझ्या दारात दोन कोरे ड्रम आले. कुणी पाठवले ते आईला लगेच कळलं.

मागच्या महिन्यात औरंगपुऱ्याला त्यांच्या घरी गेले होते. बारा वर्षांनी तोंड उघडलं. "सर, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं."
"होय, पाहिजे होतं," सर म्हणाले. कशाला मुलाहिजा ठेवतील.
मग विचारलं, "भोकं पाडता ना?"
"पाडते सर."
"स्वतः?"
"स्वतः."
"मग चहा घ्या."

आज फोन आला तेव्हा मी स्टोअरला होते. एक ड्रम नुकताच धुऊन ठेवला होता. पोरं म्हणाली, मॅडम, तुम्ही जा, आम्ही करतो.

नाही म्हटलं. भोक पाडलं, नंबर टाकला, शेडमध्ये उभा केला. पुन्हा सगळे मोजले. मग निघाले.

या आता, सर. एकही कमी नाही.