आईच्या खोलीतला कॅमेरा

कॅमेरे बसवणाऱ्या त्या माणसाचा राग मला आजही येतो, पण त्याच्याआधी स्वतःचा येतो. सावेडीतल्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. पासवर्ड सोपा ठेवू नका, हे मुलांना सांगून सांगून घसा बसला. आणि घरात काय? फाटकावर संगमरवरात कोरलेलं बंगल्याचं नाव, पुढे एक-दोन-तीन. बसवणाऱ्याने टाकला, मी राहू दिला. अख्ख्या गल्लीत त्याने तेच केलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आईची डावी बाजू गेली तेव्हा तिच्या खोलीत मान वळवणारा कॅमेरा लावला. मधल्या सुट्टीत मोबाईलवर ती दिसावी, एवढंच. तर तिसगावहून दादाचा फोन. मलाही दिसलं पाहिजे, ती माझीही आई आहे. तासाभराचा रस्ता, पण साहेब वर्षातून एकदा उगवणार. त्याच्यासाठी राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडली, त्याच्या नावाचं वेगळं खातं काढलं. ही वाट साऱ्या जगाला उघडी राहते, हे मला कळत होतं. भावाशी वाद नको म्हणून गप्प बसले.

एका रविवारी मी आईचं अंग पुसत होते. माझा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. कॅमेऱ्याने हळूच मान वळवली आणि आमच्यावर रोखली. आईवर चादर ओढली, दादाला फोन लावला, तूच बघतोयस का विचारलं. ते ॲप मी एकदाही उघडलं नाही, म्हणाला, वेळ कुठंय.

कोण कधी आत आलं याची नोंद कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये राहते. ती उघडली. दादाच्या खात्यासमोर खरंच काही नव्हतं. त्या सोप्या पासवर्डच्या मुख्य खात्यातून मात्र माझ्याशिवाय भलतंच कुणीतरी येत होतं, चार महिने, रोज, मी शाळेत असताना. कोण मेला होता देव जाणे. मी राउटरची वायर उपटली, ती वाट बंद केली, सगळे पासवर्ड बदलले आणि कॅमेरा स्क्रूसकट भिंतीतून ओढला. मग दादाला पुन्हा फोन करून सगळं ऐकवलं, शिव्यांसकट.

आई बघत होती. जीभ जड, तरी शब्द नीट आले.

“कशाला काढला गं? त्यो रोज बघायचा माझ्याकडं. मान वळली की मी हात करायचे.”

कोण, म्हणून विचारलं.

“तुझा दादा. आनखी कोन?”

मला तिथंच रडू फुटलं. कॅमेरा बिघडलाय, एवढंच सांगितलं. ती माझ्यावर रुसली ती रुसलीच.

पुढच्या महिन्यात दादा आला. आईने चांगल्या हाताने त्याचा हात धरला. एवढ्या कामातनं रोज बघायचास रे मला, म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघायचं टाळलं.

“व्हय आई,” तो म्हणाला. “रोज.”