रिकाम्या जागेकडे सरकणारी पेशी

परवा भरदुपारी घाबरले. आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घरी, डायनिंग टेबलवर, लॅपटॉपसमोर बसून... ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या.

माझं पीएचडीचं काम थोडक्यात सांगते. शरीरातल्या पेशी बारीक धाग्यांच्या जाळ्यात बसलेल्या असतात, ते जाळं मी कॉम्प्युटरवर बनवते. दोन पेशी लांब लांब ठेवल्या तरी प्रत्येक पेशी आपल्याभोवतीचे धागे ओढते, तो ताण दुसरीपर्यंत पोचतो आणि दोघी एकमेकींकडे सरकू लागतात.

हे खरं ठरवायला एकटी पेशी ठेवूनही बघावं लागतं. ती कुठेच जायला नको. माझी मात्र निघाली... उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं.

पाच वेळा रन केलं, पाचही वेळा तिकडेच. सोमवारी गाइडना दाखवायचं होतं. एकटी पेशी अशी वागली तर सगळा निष्कर्षच खोटा, दोन वर्षं पाण्यात. बाहेर रणरणतं ऊन आणि माझ्या अंगावर काटा... खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आई दुपारची झोप काढून चहा ठेवायला उठली. माझ्या मागे उभी राहून बघत राहिली. "हे कोणाले शोधून राहिलं वं?"

कुणालाच नाही, तिथे कुणी नाहीच, असं मी जरा चिडूनच सांगितलं.

"आता नाही. पण आधी होतं का?"

होतं ना... आदल्या रनमधली दुसरी पेशी नेमकी तिथेच होती. तिला मी काढून टाकलं, पण धाग्यांची फाइल जुनीच राहिली. ती गेली, तिने ओढलेले धागे तसेच ताणलेले. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी याच चुकीवरून रागावते.

तुला कसं कळलं, विचारलं. आई सहज म्हणाली, "तुह्या बाबाच्या बाजूनं बाजेच्या दोऱ्या ढिल्या झाल्या ना. मी कितीही काठाले झोपली तरी उठते तिकडंच."

बाबांना जाऊन आठ महिने झालेत. त्यातले चार महिने मी तिच्यामागे लागलेय, ती बाज नव्याने विणून घे म्हणून.

फाइल बदलून पुन्हा रन लावलं. पेशीने चारी बाजूंचे धागे सारखेच ओढले आणि ती जागच्या जागी बसून राहिली. अगदी हवा तसा रिझल्ट. माझी दोन वर्षं वाचली.

आईने तेही बघितलं. "आता त्याले मालूमच नाही, कोणी होतं म्हणून," एवढं बोलून ती चहा गाळायला गेली... आणि मला त्या शांत बसलेल्या पेशीकडे बघवेना.

थीसिसच्या आभारात आईचं नाव गाइडच्या आधी येईल, त्यांना काय वाटायचं ते वाटो. बाजेचा विषय मात्र मी घरात पुन्हा काढणार नाही.