सेन्यो एरमेलिंदा उजेडात देतात

‘प्रकाशन’ या शब्दाच्या पोटात प्रकाश आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या माग्दालेना नदीकाठच्या स्पॅनिशमध्येही तोच उजेड आहे, फक्त तिथे एक गोची आहे. ‘दार आ लूस’ म्हणजे उजेडात देणं. पुस्तक छापून लोकांपुढे ठेवलं तरी उजेडात दिलं, आणि बाई बाळंत झाली तरी उजेडात दिलं. दोन्ही कामांना एकच शब्द ठेवणारे काय विचाराचे होते कोण जाणे, पण त्यांना एरमेलिंदा कांतियो भेटायला हव्या होत्या.

या आमच्या सेन्यो. शाळेतल्या बाईंना आम्ही असंच म्हणतो, त्या निवृत्त झाल्या तरी. बिनलग्नाच्या, पासष्टी ओलांडलेल्या. गावात कुणी गेलं की नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला सेन्यो त्या माणसावरचं दहा ओळींचं पद वाचून दाखवायच्या. पद असं, की रडता रडता विधवेला फिसकन हसू यायचं. कुणी लिहिलं विचारलं, की ठरलेलं उत्तर, “वरच्या गावचा एक माणूस देतो लिहून.” आता पदात होतं तसं आमचा तोन्यो कॉफीत मीठ टाकून प्यायचा, हे वरच्या गावच्या माणसाला कुठून कळणार? पण हा प्रश्न आमच्या हुशार गावात कुणालाच पडला नाही.

शेवटी सेन्योंनी ती पदं स्वतःच्या नावानं छापायला टाकली. भाची यादिरा म्हणाली, “आत्या, लोक हसतील गं.”

“हसतील म्हणूनच तर इतकी वर्षं लपवलं. आता बास.”

दवंडीचं काम नेमेसियोकडे. त्याच्या मोटरसायकलला कर्णा बांधलेला असतो. सेन्योंनी कागदावर शुद्ध भाषेत लिहून दिलं होतं, की सेन्योरिता एरमेलिंदा कांतियो रविवारी चर्चच्या सभागृहात आपलं पुस्तक उजेडात देतील. नेमेसियोनं गावभर ओरडून सांगितलं, “सेन्योरिता एरमेलिंदा रविवारी उजेडात देतील! सगळ्यांनी यावं!”

पुस्तक कुठे गेलं विचारल्यावर म्हणतो कसा, “पुस्तक म्हटलं असतं तर आलं असतं का कोणी?”

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दोघीतिघी बाळंतिणीसाठी कोंबडीचा रस्सा घेऊन आल्या होत्या. एकीनं लंगोट शिवून आणले होते, ती आता ते पाठीमागे लपवत होती. यादिरा दारातच म्हणाली, “आत्या, मागच्या दारानं निघू या.”

सेन्यो पुढे गेल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. हातातलं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

मासे विकणारा एवारिस्तो मागून ओरडला, “सेन्यो, बाप कोण?”

“कोण म्हणजे? तो वरच्या गावचा!” दुसरा म्हणाला. “पदं लिहून देणारा! मला आधीपासून संशय होता!”

सभागृहात हशा उसळला. आता खरी पंचाईत. गप्प बसावं, तर त्या बनावट माणसाचा संसार आयुष्यभर गळ्यात.

“तो माणूस नाहीच,” सेन्यो म्हणाल्या. “कधी नव्हताच. पदं माझी आहेत. सगळी.”

हसू हळूहळू विरलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या पदांत होतं.

“माझ्या आईचं पण?” एवारिस्तोनं विचारलं.

“तुझ्या आईचंही.”

“पण ती धान्याच्या खोलीत चोरून चिरूट ओढायची, हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं.”

“मला होतं. दुसरा चिरूट माझा असायचा.”

पुन्हा हशा पिकला, पण हा वेगळा होता. यात सेन्योही होत्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि एवारिस्तोच्या आईचं पद वाचलं. पहिल्या ओळींना आवाज फाटला, पुढे शाळेत असायचा तसा खणखणीत झाला. वाचून झालं. एवारिस्तो डोक्यावरची टोपी काढून उभा होता.

“सेन्यो, परत वाचा,” तो म्हणाला. “आणि या खेपेला लिहिणारीचं नाव आधी सांगा.”

त्यांनी आधी नाव सांगितलं.