वाटेत वाढणारा गाळ

कारखान्यात त्यांना सगळे किलोकाका म्हणत. नळांना चकाकी चढवायचा तो कारखाना. चकाकी गिऱ्हाईक घेऊन जायचं आणि ती चढवताना मागे जे उरायचं ते काकांच्या वाट्याला यायचं. टाक्यांच्या तळाचा हिरवा गाळ, वापरून संपलेलं आम्ल, तेलकट चिंध्या. कायद्याच्या भाषेत घातक कचरा. मागच्या बाजूची पत्र्याची शेड हे काकांचं राज्य आणि तिची किल्ली सदैव त्यांच्या कमरेला.

पिंप हलवायची काकांची एक रीत होती. भरलेलं पिंप उचलायचं नसतं. ते आपल्याकडे जरासं कलतं करायचं, त्याच्या तळाच्या कडेवर तोलायचं आणि दोन्ही हातांनी फिरवत न्यायचं. जोर पाठीचा नाही, पायांचा. नव्या माणसांना जमत नाही, कारण ती पिंपाशी भांडतात. मग पिंप काट्यावर चढवायचं, काटा स्थिर होईपर्यंत गप्प उभं राहायचं, आकडा आधी पिंपावरच्या चिठ्ठीवर लिहायचा, मग वहीत. रिकाम्या पिंपाचं वजन आधीच घेतलेलं असायचं, तेही झाकणासकट. झाकण विसरणाऱ्याला काका माणसात धरत नसत.

घरीही तीच तऱ्हा. संपलेले सेल एका डब्यात, फुटका बल्ब दुसऱ्यात, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एकदा सासूबाईंच्या गुडघ्याच्या मलमाची रिकामी ट्यूब त्यांनी केरातून काढून डब्यात ठेवली. सासूबाई बघत होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर मला कुठल्या डब्यात घालणार तेही सांगून ठेवा. म्हणजे मागाहून घोळ नको."

सासूबाई लेकीकडे, म्हणजे काकांच्याच घरी राहायच्या. दर महिन्याला आठवडाभर शेजारच्या गावी मुलाकडे जायच्या, तिथल्या बायकांचे कपडे शिवून द्यायला. हाताने फिरवायचं लोखंडी शिलाई मशीन सोबत न्यायच्याच. दुसऱ्याच्या मशीनवर त्यांचा हात बसत नसे आणि आपलं मशीन मागे ठेवून त्यांना झोप लागत नसे. परत येताना मुलगा आणून सोडायचा. जाताना कशाने जातात, असं काकांनी एकदा बायकोला विचारलं होतं.

"ओळखीची गाडी असते," बायको म्हणाली.

काकांनी पुढे विचारलं नाही. शेडमध्ये आलेली चिंधी कुठल्या टेबलावरची हे दहादा विचारणारा माणूस, पण घरात त्याचं एका उत्तरावर समाधान झालं.

आता भानगड काय झाली ते सांगतो. महिन्यातून एकदा ट्रक यायचा आणि काकांची पिंपं घेऊन शेजारच्या गावाबाहेरच्या कचरा केंद्रावर जायचा. सोबत एक कागद जायचा, रंगीबेरंगी प्रतींचा. इथून किती निघालं ते काका लिहायचे. केंद्रावर ट्रक भरलेला एकदा तोलायचे, रिकामा करून पुन्हा तोलायचे आणि मधला फरक लिहायचे. मग सहीशिक्क्याची एक प्रत कारखान्यात परत यायची. दोन्ही आकडे जुळले की प्रश्न मिटला. पाच-दहा किलो इकडेतिकडे झाले तर कोणी बघत नसे.

पण काही महिने प्रत परत यायची ती फुगून. कधी ऐंशी किलो जास्त, कधी नव्वद. कमी कधीच नाही.

पॉलिशवाल्याला तर खाऊच मिळाला. "काका, तुमचा गाळ वाटेत जेवतो काय हो? कुठल्या खानावळीत थांबतो ते सांगा, आम्हीही जाऊ."

काकांनी काटा धुतला, पुसला, उलटा करून बघितला. प्रमाणित वजनं मागवून तपासला. काटा चोख होता. मध्ये एका महिन्यात आकडे जुळलेही, पण तेव्हा घरात सासूबाईंच्या तापाची धावपळ चालली होती, त्यामुळे काकांना आनंदसुद्धा धड करता आला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा नव्वद.

मॅनेजरबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर तपासणी खात्याचं पत्र होतं.

"बसा काका. कचरा वाटेत घटला तर ते म्हणतात, सांडला किंवा विकला. वाढला तर म्हणतात, तुम्ही इथे कमी दाखवता."

"मॅडम, मी कमी दाखवत नाही."

"मला माहीत आहे. त्यांना नाही. या वेळी जुळलं नाही तर शेड ठेकेदाराकडे द्यावी लागेल. मग तुम्हाला पॅकिंगला पाठवण्यावाचून माझ्यापुढे उपाय नाही."

पॅकिंग म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून नळ कागदात गुंडाळायचे. ज्या माणसाने आयुष्यभर पायांच्या जोरावर पिंपं नाचवली त्याला ही सजाच. काकांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे गेला.

"इथलं सगळं आपण तपासलं," बाई म्हणाल्या. "तिथलं कोणी बघितलंय? गाडी निघायच्या आधी बसने पुढे जा आणि त्यांच्या काट्याजवळ उभे राहा. ड्रायव्हरला कळू देऊ नका."

काकांनी ड्रायव्हरला सांगितलं नाही आणि घरीही सांगितलं नाही. आदल्या दिवशी पिंपं तोलून, चिठ्ठ्या लावून तयार ठेवली आणि सकाळी डबा घेऊन नेहमीसारखे बाहेर पडले ते थेट बस स्टँडवर गेले.

केंद्राच्या फाटकापाशी जमिनीत बसवलेला भला मोठा काटा होता आणि बाजूला पहारेकऱ्याची खोली. पहारेकरी मांडीवर फाटका सदरा घेऊन बसला होता. अंगातल्या सदऱ्याला ठिगळं होती, पण काय ठिगळं! टाका दिसत नव्हता.

"बसा काका," तो म्हणाला. "आज आपला शिलाईचा दिवस."

काकांना काही उलगडा झाला नाही. इतक्यात ट्रक आला. काकांनी आधी चाकं बघितली, मग ताडपत्री बघितली, दोऱ्या बघितल्या. सगळं जागच्या जागी. शेवटी त्यांची नजर केबिनकडे गेली. दारावर त्यांच्याच हातची पाटी होती, पांढऱ्या रंगात: या गाडीत प्रवासी बसवू नये. आणि पाटीच्या बरोबर वर, खिडकीत, मांडीवर शिलाई मशीन घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

ट्रक काट्यावर थांबला. आत खोलीत यंत्राने टरटर करून आकडा छापला. मग पहारेकऱ्याने लाकडी स्टूल उचललं आणि नेहमीच्या सवयीने केबिनच्या दाराशी नेऊन ठेवलं.

"या आजी. सावकाश."

ड्रायव्हरने काकांना बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंचं तसं काही झालं नाही.

"जावईबापू, तुम्ही इथे? कामावर दांडी मारलीत?"

"मी कामावरच आहे. तुम्ही काय करताय?"

"मी उतरतेय. हे धरा."

काकांनी मशीन धरलं. हातांनीच अंदाज सांगितला. उरलेला आकडा स्टुलावर पाय टेकत होता.

"काका, माझी चूक नाही," ड्रायव्हर म्हणाला. "काकूंनीच सांगितलं. बसवाले एवढं लोखंड घेत नाहीत म्हणाल्या. टायरवाल्याच्या वळणावर आजींना घ्यायचं आणि तुमच्या कानावर घालायचं नाही. तुम्ही पाटी दाखवाल म्हणून."

"मग काट्याच्या आधी का नाही उतरवत?"

"उतरवू कसं? स्टूल यांचं आणि हे काट्यापाशी."

म्हणजे जाताना ट्रक आजींसकट तोलला जायचा. मग ट्रक आत रिकामा होईपर्यंत आजी बाकावर बसून पहारेकऱ्याचे कपडे शिवायच्या आणि मुलगा येऊन त्यांना घेऊन जायचा. येताना ट्रक आजींशिवाय तोलला जायचा. कितीतरी महिने काकांची सासू त्या कागदावर घातक कचरा म्हणून जमा होत होती, सहीशिक्क्यानिशी.

"मागे आम्ल आहे," काका म्हणाले. "ब्रेक लागून पिंप फुटलं असतं तर? तुम्हाला या स्टुलावरून उतरता येत नाही, पळणार कुठे होतात?"

सासूबाईंनी मागच्या पिंपांकडे प्रथमच नीट बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

काकांनी ट्रक मागे घ्यायला लावला, पुन्हा काट्यावर आणला आणि पुन्हा तोलायला लावला. मग ट्रक रिकामा होऊन तोलला गेला, तेव्हा मधला फरक त्यांच्या आकड्याशी जुळला. पण मागच्या सगळ्या महिन्यांचं कारण अजून लिहून द्यायचं होतं.

सासूबाईंनी त्या खेपेचं शिवण रद्द केलं आणि मुलाने त्यांना उलट पावली जावयाकडेच आणून सोडलं. रात्री काका खुलाशाचा कागद घेऊन बसले. बायको समोर.

"माझं नाव घालू नका," ती म्हणाली.

"घरच्या माणसाच्या सांगण्यावरून, असं लिहितो. त्या ड्रायव्हरचं एकट्याचं मरण नको."

"अजून काय काय विचारलंय?"

"फरकाचं कारण. ते लिहिलं. जास्त भरलेल्या पदार्थाची अवस्था: घन, द्रव की गाळ."

"काय लिहिलंत?"

"घन."

"आणि पुढे?"

पुढे धोक्याचा प्रकार विचारला होता: ज्वलनशील, विषारी, त्वचेला जाळणारा. काकांनी ती जागा रिकामी ठेवली. सासूबाई जाग्या होत्या.

मॅनेजरबाईंनी कागद वाचला, तोंडावर रुमाल धरला आणि पुन्हा वाचला. "काका, खरं आहे म्हणून पाठवते. पण पुरावा मागतील. आजींना इथे आणता येईल?"

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून. सगळा कारखाना शेडपुढे जमला. पिंपांच्या काट्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि फर्मान सोडलं, "सगळ्यांनी पाठ फिरवा."

पॉलिशवाल्यासकट सगळ्यांनी पाठ फिरवली. मॅनेजरबाईंनीसुद्धा. सासूबाई मशीन आणि पिशवी घेऊन काट्यावर चढल्या. काकांनी आकडा बघितला आणि पेन उघडलं.

"थांबा. पिंपाचं वजन करताना रिकामं पिंप वजा करता ना?"

"करतो."

"मग मशीन वजा करा. पिशवी, शाल, चपला, चष्मा वजा करा. उरेल ते माझं."

काकांनी एकेक वस्तू वेगळी तोलली. झाकण विसरणाऱ्याला माणसात न धरणारे काका चपला कसे विसरतील? चष्मा मात्र त्या काट्याला कळलाच नाही, म्हणून सासूबाई काट्यावर रुसल्या.

काही दिवसांनी खात्याचं उत्तर आलं. खुलासा मान्य. यापुढे केबिनमध्ये चालकाखेरीज कोणी दिसल्यास परवाना थांबेल. ड्रायव्हरला त्याच्या मालकाने दोन खेपा वाळूच्या गाडीवर धाडलं. किल्ली काकांच्या कमरेला राहिली. पॉलिशवाल्याने आजींचा आकडा काढून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. काकांनी त्याला फक्त मशीनचा सांगितला.

बसवाल्यांची अडचण काकांनीच सोडवली. मशीनला फळ्यांची पेटी केली, वर मूठ बसवली, कोपऱ्यांना पत्रा ठोकला आणि चिठ्ठी डकवली: हातशिलाईचं मशीन, घन, तेलाचा अंश, वजन पेटीसकट. पुढच्या महिन्यात ते स्वतः पेटी घेऊन स्टँडवर गेले. कंडक्टरने चिठ्ठी वाचली, काय समजायचं ते समजला आणि मुकाट्याने पेटी सीटखाली सरकवू दिली.

मग सासूबाई पायऱ्या चढू लागल्या. काकांनी मागून हात दिला, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर.

"आजी, तुमच्यावर नाही का चिठ्ठी?" कंडक्टर म्हणाला.

"माझी सरकारदफ्तरी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीची जागा धरली.