पासष्ट अंशांवर पडलेले थेंब

ती घटना आठवली की आजही जेवणावरची वासना उडते. त्या केसमध्ये मी गुन्हेगार पकडले, वरिष्ठांची शाबासकी मिळवली आणि एका माणसाच्या आयुष्याचं वाटोळं केलं.

मी तेव्हा लालबागच्या बाजूला नवा फौजदार होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. रोज मोर्चा, रोज बंदोबस्त. गिरणगावात खाकी कपडा दिसला की चाळीतली दारं धडाधड लागायची. लोकांचा राग खोटा नव्हता, पण त्यामुळे आमच्याशी खरं कोणी बोलत नसे.

एका सकाळी इस्पितळातून कळलं की गिरणीत माग चालवणारा एक साचेवाला वांत्या आणि पोटदुखीने मेला, विषाचा संशय आहे. मागोमाग त्याचा एक चाळकरी ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, माझं नाव घेऊ नका. खाणावळवाल्या मावशीचं आणि त्याचं परवाच कडाक्याचं भांडण झालं होतं."

ही मावशी म्हणजे मालवणकडची विधवा. एका खोलीत वीस-बावीस कामगारांना जेवू घालायची. पहिल्या पाळीवरून येणाऱ्यांची ताटं ती झाकून ठेवी. आदल्या दिवशी असे दोघंच होते, मेलेला आणि त्याच्या खोलीत राहणारा सोबती. बाकी सगळे ठणठणीत आणि हा सोबती पोट धरून बसलेला! मला आणखी काय हवं होतं? पंचनामा केला, भांडी जप्त केली, बाईला लॉकअपमध्ये घातलं.

"भांडण कशावरून झालं?" मी दरडावलं.

"पिऊन इल्लो तो. मी सांगितलंय, पिऊन येशीत तर माझ्या दारात ताट गावचा नाय."

मी सोबत्याला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "आईशप्पथ साहेब, आम्ही दोघं थेंबाला शिवत नाही." दारूबंदीचा काळ. कबूल केलं तर तुरुंग आणि गिरणीतून नाव कमी. मी त्याचं तोंड हुंगलं, वास नव्हता. बाई खोटं बोलते हे माझ्यापुरतं ठरलं.

जबाब लिहून होत आला तेव्हा तो चाचरत म्हणाला, "साहेब, डोळ्यांपुढे सगळं पांढरं पांढरं दिसतंय. डाक्टरकडे जाऊ का?"

"नाटकं बंद कर! आधी जबाब पुरा कर."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा बोलावलं. तो दोन माणसांचा आधार घेऊन आला. मी परत कालवणाचंच विचारत बसलो. माशाची चव कशी होती, ताटावर झाकण होतं का, मावशी काही बोलली का. एवढी अक्कल पाजळली मी!

शवागारातून मृताच्या पोटातला अंश स्पिरिट घातलेल्या बरणीत सीलबंद होऊन आला. दारूचा संशय असेल तर स्पिरिटने तपासणीत घोळ होतो म्हणून तो मिठाच्या पाण्यात ठेवतात, पण कागदावर मीच 'अन्नातून विषबाधा' असं लिहिलं होतं. बरणीत घातलेल्या स्पिरिटचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवायचा, असाही नियम आहे. हवालदार बंदोबस्ताला पळायच्या घाईत होता. ती छोटी बाटली त्याने कपाटात ठेवली आणि मी पत्रावर न वाचता सही ठोकली.

केस पक्की करायची म्हणून मी सरकारी प्रयोगशाळेत खेटे घातले, घाई करायला लावली. चौथ्या दिवशी तिथल्या रसायनतज्ज्ञांनी बोलावून घेतलं. गिरगावातले शांत, वयस्क गृहस्थ. टेबलावर काचेचा उंच नळा होता, खाली चंबू तापत होता, वर थर्मामीटर.

"कालवणात काही नाही," ते म्हणाले. "हे मात्र बघा. स्पिरिटं दोन जातींची असतात. दिसायला सारखी, वासालाही जवळपास सारखी. पण ही बरणीतली जात अठ्ठ्याहत्तर अंशांवर उकळते आणि विषारी जात पासष्टवर. हळूहळू तापवलं की आधी विषारी वर चढते, थंड होऊन वेगळी खाली पडते. तुमच्या मृताच्या पोटातून आलेले हे थेंब पासष्टवर पडले आहेत."

"म्हणजे तो प्यायला होता?"

"किंवा तुमच्या बरणीतलं स्पिरिटच भेसळीचं होतं. त्याचा नमुना कुठे आहे? त्याशिवाय मी काही लिहून देणार नाही."

मी धावत ठाण्यावर आलो, कपाट उपसलं. बाटली शाबूत होती, सीलही शाबूत. त्यांनी माझ्यासमोर ती तापवली. पारा पासष्ट ओलांडून गेला तरी एक थेंब पडला नाही. मग अठ्ठ्याहत्तरवर पडू लागले. विष पोटातलंच होतं.

मी तडक सोबत्याच्या खोलीवर गेलो. त्याला आदल्या दिवशीच इस्पितळात नेलं होतं. तिथे मी बोललो तेव्हा त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. आता लपवायला काही उरलं नव्हतं. शिवडीच्या एका गोदामामागे दोन माणसं फर्निचरच्या पॉलिशचं स्पिरिट पाण्यात मिसळून विकत, तेच तो आणि मेलेला प्यायले होते, असं त्याने सांगून टाकलं. विकणारे दोघे त्याच संध्याकाळी हाती लागले.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी आणला असता तर डोळे वाचण्याची आशा होती."

बाईला सोडलं. दोन दिवसांनी पुरवणी जबाबासाठी मी इस्पितळात गेलो, तर ती त्याच्या खाटेवर बसून त्याला पेज भरवत होती. ज्याने खोटं बोलून तिला चार दिवस कोठडीत ठेवलं, त्याला! मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, याच्यामुळे तुम्ही आत गेलात."

तिने वळूनही पाहिलं नाही. "तो तुमका भिलो, सायबानू. त्येका काय जेवलंस, काय जेवलंस म्हणान इचारल्यात. दिसता काय रे तुका, असा एकदा तरी इचारल्यात?"

पुढे माझ्या ठाण्यात आजारी साक्षीदार आला की आधी डॉक्टर, मग जबाब. हाताखालच्यांनी याला माझी लहर म्हणून नावं ठेवली, ठेवू देत. त्या केसच्या कागदांत तपास चोख झाला असा शेरा आहे. त्या माणसाने माझ्यापुढे बसून डोळ्यांबद्दल सांगितलं आणि मी त्याला गप्प केलं, हे त्या जबाबात नाही. मीच ते लिहिलं नव्हतं.