४८०, तिरकी रेघ, २७७

नाशिकच्या अंबडला आमच्या शेठची इलेक्ट्रिक पॅनल बनवायची शेड आहे. तिथं ड्रॉइंगवर ४१५/२४० लिहिणं हे माझं काम. दोन फेजमध्ये मोजलं तर ४१५ व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजलं तर २४०. एकाच वायरिंगमध्ये दोन्ही नांदतात, एवढाच त्या तिरक्या रेघेचा अर्थ. मिक्सरच्या बुडाशी २२०-२४० असतं, ती आडवी रेघ. तिचा अर्थ, एवढ्यापासून तेवढ्यापर्यंत काहीही द्या, चालेल. हा फरक मी शेडमध्ये इतक्यांदा समजावलाय की मी तोंड उघडलं की लोक चहाचा कप घेऊन बाहेर जातात.

बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी रोज कामावर जायचो, जेवायचो, झोपायचोसुद्धा. दहाव्याला घाटावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी बघत होतो मांडवाच्या लाइटची उघडी वायर. कुणीतरी टेप लावायला हवी होती. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. वाईट वाटत होतं असंही म्हणवत नाही. काहीच वाटत नव्हतं.

अशा डोक्यानं मी विंचूरला गेलो. तिथल्या एका ताईंनी कांद्याच्या चकत्या सुकवायला परदेशातलं जुनं ड्रायर आणलं होतं, आणि ते चालू करून देणं आमच्याकडे होतं. चिरलेल्या कांद्याचे ट्रे भरून तयार. ताईंचे हात कोपरापर्यंत ओले.

"भाऊ, संध्याकाळी पार्टीचा माणूस येणार हाय. वाळलेला माल पसंत पडला तर वर्षाचं काम आपलं. नाय तर तो दुसरीकडं जाणार. होईल ना?"

"ताई, हे काय, अर्ध्या तासाचं काम," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू झालेली आहेत.

ड्रायरच्या नेमप्लेटवर होतं: 480Y/277 V. मी वाचलं. २७७ पासून ४८० पर्यंत. आपले ४१५ मध्ये आरामात बसतात. मधला तो Y मला मॉडेलचं काहीतरी वाटला. वास्तविक तो ओरडून सांगत होता की इथं हीटर स्टारमध्ये आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला फक्त २७७, न्यूट्रल आणा. पण आमच्या शेडची रीत अशी की हीटर म्हणजे डेल्टा. प्रत्येक हीटर थेट दोन फेजमध्ये, न्यूट्रलची केबल ओढायची कटकट नाही. हीटर जोडणाऱ्या गंजलेल्या पट्ट्या काढल्या, डेल्टा बांधला, मोठ्या रुबाबात स्विच दाबला.

२७७ सोसणाऱ्या हीटरवर सगळे ४१५ पडले. ते लाल झाले. मग पिवळे. ताई कौतुकानं म्हणाल्या, "लय जोरात हाय हो!" तेवढ्यात तीन हीटर पाठोपाठ फुटले आणि ब्रेकर पडला.

शेठना फोन लावला.

"नेमप्लेट वाचली होतीस?"

"वाचली."

"तिरकी रेघ होती का आडवी?"

मी पाटी पुन्हा पाहिली. "तिरकी."

"जगाला शिकवतोस ना रे! आता जे हीटर फुटायचे राहिलेत ते स्टारमध्ये बांध, न्यूट्रल आण, आणि मग मला तोंड दाखव."

न्यूट्रल ओढायला ट्रेच्या रांगेमधूनच जावं लागत होतं. कांद्यानं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. शर्ट भिजला. ताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"भाऊ, रडू नका. मशीनच हाय ते. माणूस तर नाय ना गेलं?"

मी मान हलवली. माणूस गेल्यावर यातलं टिपूसही आलं नव्हतं, हे त्यांना कुठं सांगत बसणार? आणि या पाण्याचा आतल्या कशाशी संबंध नव्हता. गळक्या नळासारखे डोळे गळत होते. मी पट्ट्या आवळत होतो.

उरलेले हीटर चालले, पण २७७ च्या जागी आपले २४० मिळाल्यानं कोमट. कांदा संध्याकाळपर्यंत वाळणं शक्यच नव्हतं. ताईंनी पार्टीच्या माणसाला फोन केला. "उद्या दुपारी या ना. काय बिघडतंय?" मग त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "बघतो म्हणला." बघतो म्हणणारा माणूस येत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्या ट्रे फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला परत पाठवलं, बहुधा शिक्षा म्हणून. दुपार टळता टळता तो माणूस आला. चकती उजेडात धरली, मोडली, चावली. "रंग पांढरा राहिलाय. बाकीच्यांचा करपट येतो. किती आचेवर वाळवलाय?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंद आच ठेवली मुद्दाम," त्या म्हणाल्या. "हे भाऊ नाशिकहून त्यासाठीच आलेत."

काम त्यांना मिळालं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल थोडा. जाताना ताईंनी ऑइलपेंटचा डबा पुढं केला. "त्या पाटीवर काय लिवलंय ते मराठीत लिवा. पुढचा कुणी भाऊ आला तर?"

मी ड्रायरच्या दारावर लिहिलं: फेज ते फेज ४८०. फेज ते न्यूट्रल २७७. न्यूट्रल लागतोच.

"आणि?" ताई म्हणाल्या.

"आणि काय?"

"डेल्टा करू नये, असं लिवा. तुमची सही करा खाली."

सही केली. घरी येऊन हात दोनदा धुतले. कांद्याचा वास गेला नाही. तसाच जेवलो.