मगरीचा जन्मदाखला

ताईच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण मी बुडवलं. तेही अठरा वर्षं आधी, म्हणजे पुस्तक तिच्या डोक्यातही नव्हतं तेव्हा. इतकं आगाऊ नुकसान करून ठेवायला अंगी वेगळीच हुशारी लागते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. टीव्ही केंद्राच्या टेपखान्यात तिची सगळी नोकरी झाली. कपाळावर चष्मा, हातात फडकं, आणि टेप उशिरा परत आली की आवाजाला करवतीची धार. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. हिने चरित्र लिहायला घेतलं, ते नदीवाल्या काकांचं. नदीकाठाने चालत चालत माहितीपट सांगणारे हे निवेदक. आमची अख्खी पिढी त्यांच्यामागे घरबसल्या चाललेली.

ताईचा नियम एकच : प्रत्येक गोष्टीला दोन आधार. एक गोष्ट, एक कार्ड. खाली ती कोणी सांगितली, तारीख, वार. काकांच्या जन्मतारखेसाठीसुद्धा ती त्यांच्या शाळेत जाऊन दाखला बघून आली.

"अगं, काका स्वतः सांगतात ना तारीख?"

"ते तेव्हा फार लहान होते."

सातवं प्रकरण मगरीचं. चित्रीकरण चालू असताना मगरीने काकांचा बूट पळवला आणि काका एका बुटावर, एकही शब्द न अडखळता बोलत राहिले. याला आधार दोन नव्हे, चार : गौरव अंकातला लेख, एक मुलाखत, कॅमेरामन आणि खुद्द काका. कॅमेरामनने तर हात पसरून मगरीची लांबी दाखवली होती. प्रकाशकाने मुखपृष्ठावर मगर रंगवूनही घेतली होती.

अशात एकदा चहा पिताना मी फुशारकीने बोलून गेलो, "मगर माझी बरं का! बूट खरा चिखलात रुतला होता. पण ते कोण वाचणार? म्हणून पेपरातल्या माझ्या सदरात मी मगर सोडली."

ताईने कप खाली ठेवला. "म्हणजे चौघांनाही ती तुझ्याकडून मिळाली?"

"काकांना फार आवडली होती. मग तेही तसंच सांगायला लागले."

दुसऱ्या दिवशी ताई जुन्या टेपखान्यात जाऊन बसली आणि चौथ्या दिवशी त्या चित्रीकरणाची न कापलेली, मूळ टेप तिला सापडली. मगर सोडा, टेपमध्ये साधी पाल नव्हती.

ताईने हे कळवताच प्रकाशकाचा फोन आला. "बाई, मगर काढली तर पुस्तकात उरलं काय?"

"माणूस."

"मग मला छापायचा फेरविचार करावा लागेल."

"करा. नको असेल तर परत पाठवा. सहा वर्षांचं काम आहे, नीट बांधून पाठवा."

फोन ठेवून ताईने चप्पल चढवली आणि ती निघाली, काकांकडे. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला आधी सांगायचं, हेही तिच्या नियमातच. आरोपी म्हणून मला सोबत नेलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज अजून तोच.

"मगर बरी होती हो," ते हळूच म्हणाले. मग जरा आशेने, "पण मी बोलत राहिलो होतो ना?"

"नाही. थांबला होतात. छत्तीस सेकंद नुसते हसत होतात. सोबतचे सगळे हसत होते."

"हसत होतो का?" काका म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो. लिहा."

ताईने प्रकरण नव्याने लिहिलं : चिखलातल्या बुटातून मगर कशी जन्मली आणि कोणाकोणाच्या तोंडी वाढली. प्रकाशकाने ते वाचायला आठवडा घेतला. नंतर म्हणाला, "खऱ्या मगरीपेक्षा ही बरी चालेल."

काल छापायला जाणारी पानं मी तिच्या टेबलावर वाचली. माझं नाव आडनावासकट होतं, सदराच्या तारखेसकट.

"ताई, सख्खा भाऊ आहे मी," मी गयावया केली. "निदान नाव तरी गाळ. 'एका विनोदी लेखकाने' एवढंच लिही."

पानावरची नजर न काढता ताई म्हणाली, "विनोदी? त्याला आधार काय?"